पानी आयला

हार्ड डिस्क बिघडल्याचं मला आधी कानांनी कळलं. लॅपटॉपला जोडली की आतून टक, टक असा आवाज यायचा. मग थोडी शांतता, आणि पुन्हा टक, टक. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. अशी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली की एकदा तरी चालते, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं. तो पिशवी शोधायला लागला तशी मी डिस्क त्याच्या हातातून काढून घेतली. आमच्या फ्रीजरमध्ये सुरमई होती आणि त्या डिस्कमध्ये माझी आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नायगावच्या खाडीकाठी आमचं गाव. पूर्वी तिथे मिठागरं आणि भातशेती होती, आता टॉवर आहेत. आत्या मात्र त्याच घरात राहते. हळदीला धवले, म्हणजे लग्नातली परंपरेची गाणी, म्हणणारी धवलारीण गावात आता तीच एक उरली आहे. मी बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते आणि शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या वह्यांत ‘पानी’ लिहिलेलं दिसलं की लाल शाईने ‘पाणी’ करते. हे करता करता आमची घरची बोली माझ्याच तोंडातून निघून गेली. ती निदान कानाला तरी राहावी म्हणून मी रविवारी आत्याकडे जायचे आणि तिच्याशी गप्पा मारत फोनवर व्हिडिओ घ्यायचे. फोन भरला की सगळं डिस्कवर टाकायचं आणि फोनमधून पुसायचं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्यातल्या एका व्हिडिओत ती तिच्या पहिल्या मुलीबद्दल बोलली होती. ही मुलगी लहानपणीच गेली एवढंच आम्हाला ठाऊक होतं. घरात तो विषय कोणी काढत नसे. त्या रविवारी आत्या ओट्यावर बसून मिठाच्या राशी कशा लावायच्या ते सांगत होती, आणि सांगता सांगता आपणहून तिकडे वळली. भरदुपारी उधाणाने मिठागराचा बांध फुटला. मुलगी बांधावर खेळत होती आणि आत्या पार दुसऱ्या टोकाला होती. ती धावत सुटली ती एकच ओरडत. “पानी आयला! पानी आयला!” हे सांगताना तिचा आवाज चढला, हात हवेत गेले, आणि समोर मी आहे हे ती विसरली. मग मुलीला हाक मारावी तसं तिने तिचं नाव घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, “बंद कर आता.” मी बंद केलं.

ती डिस्क घेऊन मी एव्हरशाईन सिटीतल्या एका दुकानात गेले. बाहेर ‘डेटा रिकव्हरी’ अशी पाटी होती. दुकानदार चाळिशीचा, बोलका. शेजवान चटणी लागलेली बोटं पँटला पुसून त्याने डिस्क हातात घेतली, कानाला लावली आणि म्हणाला, “मॅडम, हेड गेलंय. आता तुम्ही परत लावून बघू नका, जेवढं चालवाल तेवढं खराब होणार. मी दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढतो. टेंशन नका घेऊ.”

“त्यात घरातलं खासगी आहे,” मी म्हटलं.

“सगळ्यांचंच असतं मॅडम. आम्ही काय बघत बसतो का?”

ती बोटं मला तेव्हाच आवडली नव्हती. पण दुसरीकडे जायला मला सुचलं नाही.

बरेच दिवस गेल्यावर त्याचा फोन आला. जवळपास सगळं मिळालं होतं. फाइलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते, त्यामुळे एकेक उघडून ओळखावं लागत होतं. मी घरी बसून आत्याला शोधलं. ती एकेक करत सापडत गेली. ओट्यावर, चुलीपाशी, जवळा निवडताना. मुलीचा व्हिडिओ सापडला तसा मी तो लगेच बंद केला. आहे एवढं पुरे होतं.

पुढे उन्हाळा लागला. आमच्या सोसायटीला तेव्हा टँकरशिवाय भागत नाही. टँकर फाटकातून आत आला की कोणीतरी ग्रुपवर कळवतं आणि सगळे मोटर चालू करायला धावतात. एका सकाळी त्या निरोपाच्या जागी एक क्लिप आली. मी भाजी चिरत होते. सहज बोट लावलं.

आत्या होती. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चिकटवला होता. खाली डीजेचा ठेका होता आणि त्यावर ती हात उंचावून ओरडत होती, “पानी आयला! पानी आयला!” आमच्या बोलीत ‘आयला’ म्हणजे आला. शहरात ती हलकी शिवी. म्हणून तो शब्द तोडून तोडून पुन्हा पुन्हा वाजवला होता. पानी, आयला. पानी, आयला. खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. ज्यांच्याकडे मी हळदीकुंकवाला जाते त्या बायका. ज्यांच्या मुलांना मी फुकट व्याकरण शिकवलं ते गृहस्थ. एकाने लिहिलं होतं, “आजपासून हीच आपली टँकर रिंगटोन.”

मी फोन पालथा ठेवला आणि भाजी तशीच सोडून उठले. राग नंतर आला. आधी नुसती किळस होती, आपल्या ताटात कोणी थुंकावं तशी.

मी तशीच रिक्षा करून दुकानात गेले. दुकानदाराने क्लिप पाहिली आणि ओळखीचं हसला. त्याने नाकबूलही केलं नाही.

“मॅडम, रिकव्हर झाल्यावर फाइल चालते का ते बघावं लागतं. ही उघडली, फनी वाटली, भावाला पाठवली. पुढे कोणी एडिट केली मला काय माहीत?”

“ती काय सांगतेय ते कळलं तुम्हाला?”

“भाषा कुठे कळते आपल्याला. पाणी आलं म्हणतेय ना आजी?”

“तिची मुलगी बुडाली त्या पाण्यात.”

त्याने फोन मला परत दिला. मग म्हणाला, “सॉरी मॅडम. पण नाव कुठे टाकलंय कोणाचं? आणि लोकांना आवडली ना ती. फेमस झाली आजी.” असं म्हणून त्याने माझ्यासमोर कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर डिलीट केलं आणि हात झटकले. बाजूच्या खुर्चीत त्याचा एक मित्र बसला होता. त्याच्या फोनमधून तोच ठेका वाजला आणि त्याने घाईघाईने आवाज बंद केला. ते दोघं फार वाईट माणसं होती असं मला वाटलं नाही. तेच जास्त किळसवाणं होतं. उपाशी माणसाने चोरी करावी तशी त्यांची गरजही नव्हती. समोर आलं, गंमत वाटली, पुढे ढकललं.

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की ही माझी आत्या आहे आणि ती तिच्या मुलीच्या मरणाबद्दल बोलते आहे. जोडलेल्या हातांची रांग लागली. चेअरमननी “अत्यंत खेदजनक” असं लिहिलं. दोन टँकर शांततेत आले. तिसऱ्या वेळी कोणीतरी पुन्हा तीच क्लिप टाकली, आणि काही मिनिटांनी लिहिलं, “चुकून गेली.” खाली आधीच हसरे चेहरे आले होते. मी ग्रुप सोडला. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, “तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत बाई.” मी चौथ्या मजल्यावर उतरून जिन्याने वर गेले. तिच्यासोबत एका पेटीत उभं राहवेना.

आत्याला दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी आपणच सांगावं म्हणून मी नायगावला गेले. ती अंगणात सुकट वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, क्लिप दाखवली नाही. ती ऐकत राहिली. हात थांबले नाहीत.

“हसली लोकां?” तिने विचारलं.

“हो.”

“पोरीचा नाव घेतला क त्यात?”

“नाही. नाव नाही त्यात.”

तिने मान हलवली. मग अंगणाच्या कडेला जाऊन थुंकली आणि परत येऊन सुकट पसरायला लागली. पसरता पसरता म्हणाली, “तुजा तो डबा आता माजेसमोर आनू नको.” मी फोन पर्समध्ये ठेवला होता. पर्स उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

त्यानंतर तिचं एकही रेकॉर्डिंग झालं नाही. मी रविवारी जाते, ती बोलते, मी ऐकते. घरी येऊन आठवेल तेवढं लिहून काढायचा प्रयत्न करते, पण लिहिताना माझा हात आपोआप ‘ण’ काढतो.

मध्यंतरी गावात एक लग्न होतं. हळदीला आत्याला मानाने पाटावर बसवलं. तिने पहिल्या धवल्याची ओळ उचलली आणि मांडवातले फोन वर झाले. आत्या थांबली. हात मांडीत घेतले आणि समोर बघत बसली. बायकांना वाटलं ती ओळ विसरली, कोणीतरी हळूच आठवण करून दिली. तिने मान हलवली, पण गायली नाही. नवरदेवाची आई गोंधळली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मी नजरेनेच वर झालेले फोन दाखवले, आणि तिला काय कळायचं ते कळलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “फोन खाली करा सगल्यांनी. कोनी काडायचा नाय.”

एकेक करून फोन खिशात गेले. मागे एकजण अजून धरून होता. त्याच्या बायकोने तो त्याच्या हातातून काढून आपल्या पदरात बांधला. आत्याने घसा साफ केला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.