ॲप्रनमधली सोन्याची धूळ

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, माफ करा. आज लॅबमध्ये जळक्या सुताचा वास आला आणि बाबा काम करत तो न्यू जर्सीतला दागिन्यांचा कारखाना आठवला. तिथे कारागिरांचे जुने ॲप्रन जाळून राखेतून सोनं काढत. बाबांवर सोनं चोरल्याचा आळ आला त्या दिवशी त्यांनी आपला ॲप्रन मालकांपुढे ठेवला; मालकांना सगळे काका म्हणत.

"काका, यातली धूळही तुमचीच. जाळून घ्या."

तेव्हा मला ती हार वाटली होती. आज फक्त त्यांची ताठ मान आठवते.

हे लिहितानाच आईचा फोन आला. "अरे, चोरीचं सोनं घेणारा इतक्या वर्षांनी सापडला! त्यानं काकांच्या मेव्हण्याचं नाव सांगितलं. काका आलेत माफी मागायला. बाबा म्हणतायत, आधी चहा घ्या!"