त्याला काय झालं होतं

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते एका नातेवाइकावरून ठेवलं होतं, आणि तो नातेवाईक अजून ठणठणीत आहे. दोघांचा आवाज सारखा, जेवणाच्या वेळेला उगवण्याची कलाही सारखी. फरक इतकाच की कुत्रा दर रविवारी न चुकता मिस्साला यायचा. चर्चच्या दाराशी आडवा व्हायचा आणि प्रवचन रंगात आलं की असा काही सुस्कारा सोडायचा की मागच्या बाकांवरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. फादर एकदा मला म्हणाले, "तेवढाच एक प्रामाणिक श्रोता आहे मला."

निर्मळला आमची वाडी आहे. केळी, थोडी भाजी आणि गजऱ्यासाठी कागडा. थंडीत कागड्याच्या कळ्या भल्या पहाटे खुडाव्या लागतात, कारण फुललेल्या कळीला बाजारात कुणी विचारत नाही. मी आणि बायको खुडायला निघालो की तोही निघायचा. कळ्या खुडणं हे त्याच्या मते माणसांचं खूळ. त्याचं काम निराळं होतं. कागड्याच्या ओळींना लागून केळीची लहान रोपं होती, त्यांच्या पानांवरचं दव तो चाटायचा. एक पान संपवून दुसरं, डोळे अर्धे मिटून. धुकं इतकं असायचं की नुसती शेपटीच ओळींमधून तरंगत जाताना दिसे. आता आठवलं की वाटतं, हे मी बघितलेलंच नाही, झोपेत कुणीतरी माझ्या कानात सांगितलं.

त्या हिवाळ्यात एक दिवस त्याने भाकरीकडे पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी पाण्याकडेही. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त घेतलं. ते म्हणाले, "काहीतरी आहे, पण नेमकं काय ते या रिपोर्टवरून सांगता येत नाही." चौथ्या दिवशी भर दुपारी, ओट्यावरच्या उन्हात, एखादं अवघड गणित सोडून द्यावं तसं त्याने श्वास घेणं सोडून दिलं.

"कापून बघितलं तर कदाचित कळेल," डॉक्टर म्हणाले.

मी हात उंच केला, मान वळवली आणि म्हणालो, "नको डॉक्टर. त्याला सुखाने जाऊ द्या!" काय आवाज लागला होता! आमच्या गावच्या नाटकात मी वीस वर्षं राजाचं काम केलंय. डॉक्टरांचे डोळे भरून आले. मग आम्ही त्याला नारळाच्या बुंध्याशी पुरलं.

संध्याकाळी ओटा भरला आणि निदानांचा पाऊस पडला. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी ताई म्हणाली, "केंडच खाल्ला असंल त्यानं. इषारी मासा तो. कोनी टाकला असंल, आनि ह्याला कोन सांगनार?" निवृत्त मास्तर म्हणाले, "गोचिडांचा ताप." माझी मेहुणी म्हणाली, "दृष्ट. रविवारी सगळं गाव बघायचं त्याला." मी प्रत्येकाला मनापासून दुजोरा दिला. मग त्याच्या प्रवचनातल्या सुस्काऱ्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. फक्त समोरच्या वाडीतली काकी हसली नाही. तिची नजर माझ्यावरून हलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारात गेली होती, तेव्हा काकी टोप घेऊन आली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पेज आणून देतात. काकीने टोप माझ्यापुढे ठेवला, सोबत सुका बोंबील भाजलेला.

"काकी, कुत्र्यासाठी पेज?"

"कुत्र्यासाठी नाही रे, तुझ्यासाठी. कालपासून तोंडात घास नाही तुझ्या. आणि तुझी ती नाटकं रविवारी दाखव लोकांना. काय डाचतंय ते बोल."

राजाचा आवाज कुठे गेला कोण जाणे. मी अगदी बारीक सुरात बोललो. तो आजारी पडायच्या दोन दिवस आधी मी कागड्यावर अळीचं औषध मारलं होतं. वारा होता. फवारा केळीच्या पानांवरही उडाला असणार. दुसऱ्या पहाटे तो नेहमीसारखा दव चाटत होता. मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

"आणि कापायला नको म्हणालो ते त्याच्यासाठी नव्हे, काकी. काय निघेल त्याला भ्यालो."

मला वाटलं, आता ती म्हणेल, नाही रे पोरा, तुझ्यामुळे कसा जाईल? तिने बोंबलाचं डोकं मोडून बाजूला ठेवलं.

"मग गेला असेल तुझ्याच हाताने. नसेलही."

"कळणार कसं?"

"आता कसलं कळतंय. तुझ्या काकांच्या छातीत दुखत होतं तर मी ओवा चावायला दिला. गॅस म्हटलं. तीन दिवस ओवा दिला. पुढे कुणी म्हणालं हार्ट, कुणी म्हणालं आणखी काही. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली."

"कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही सगळे मला सोन्यासारखी बाई म्हणत होतात," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली, अगदी खोडकर. "कोण मोडेल ते? जेव आता. पेज गार झाली की गळ्याखाली उतरत नाही."

मी जेवलो. मीठ थोडं जास्त होतं, तेही सांगितलं. काकीने मला एक शिवी दिली, खांबाला पाठ लावली, आणि बोलता बोलता तिची मान कलली. उन्हं केळीतून ओट्यावर हलत होती. तिचा श्वास संथ येत होता, जात होता. भांडी घासायला उठायचं होतं, पण टोपाचा आवाज होईल म्हणून मी तसाच बसून राहिलो.