साठेकाकांच्या चुका

साठेकाकांना काहीही सांगा, ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशावरून?" पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मी धापा टाकत म्हणाले, "सॉरी काका, बस चुकली." "कशावरून? गेली ती आधीची, उशिरा आलेली असेल. तुझी यायचीच असेल." हसावं की माफी मागावी, कळेना. मी माफी मागितली.

मी नववीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन ब्रिस्टलला आले. मला लहान मुलांच्या नर्सरीत काम हवं होतं आणि त्याआधी कॉलेजची गणिताची परीक्षा पास होणं भाग होतं. साठेकाकू महाराष्ट्र मंडळात भेटल्या, त्यांनी मला सरळ काकांपुढे नेऊन बसवलं. काका विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर.

त्यांनी पेन्सिलीवर फुटपट्टी आडवी ठेवली. "आर्किमिडीजचा नियम. एका बाजूला दोन बिस्किटं, दुसऱ्या बाजूला एक. तोल साधायचा तर दोन लांब ठेवायची, एक जवळ. बरोबर?"

"हो काका."

त्यांनी हात काढला. फुटपट्टी कलली आणि लांबची दोन्ही बिस्किटं चहात.

"अगं, उलटं सांगितलं मी! मोठ्यांना हो म्हणायचं ते घरी. या ग्रीक लोकांनी खरं शोधलं काय, माहितीये? सांगणारा कोण आहे ते बघायचं नाही, पटतं का ते बघायचं. आता मी मध्येमध्ये मुद्दाम चुकणार. तू पकडायचं."

वडीलधाऱ्या माणसाची चूक काढायची! पण हळूहळू जमू लागलं. परीक्षा जवळ आली तशा काकांच्या चुका वाढल्या. मला वाटलं, माझा कस बघतायत. एकदा म्हणाले, अर्धवर्तुळावरचा बिंदू सरकवला की तिथला कोन बदलतो.

"नाही काका, नव्वदच राहतो. बिंदू केंद्राला जोडा. दोन समद्विभुज त्रिकोण होतात..." मी शेवटपर्यंत मांडून दाखवलं. काका आकृतीकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "सुरेख आहे गं हे." पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. मी हवेत.

निघताना काकूंनी दारात हळूच विचारलं, "हल्ली फार चुकतात का गं?"

"हो ना काकू! पण मी सगळ्या पकडते. मुद्दाम करतात ते."

काकू माझ्या कोटाची बटणं लावू लागल्या, मी लहान असल्यासारखी. "परवा लायब्ररीतून घरी यायचा रस्ता विसरले. डॉक्टरांकडे नेलं होतं. मला अजून काही विचारू नकोस."

घरी येऊन जुने कागद पसरले. ही चूक शिकवण्यासाठी, की ही? सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

मी पास झाले. पेढे घेऊन गेले, काकांच्या पाया पडले. "तुमच्यामुळे झालं, काका."

"किती चुका सापडल्या माझ्या?"

"सगळ्या."

काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी तिकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्याकडे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "मग मला एक सांग. त्यातल्या खऱ्या कुठल्या होत्या?"