व्याह्यांकडची रोटी

"बाबा, प्लीज, जोक्स नकोत. आणि भूक लागली की तो फेस करायचा नाही," लेकीनं गाडीतच बजावलं.

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलला बर्फ पडत होता आणि आम्ही तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदाच भेटायला चाललो होतो. माणूस चीनमधल्या शिआनचा. तिथल्या जुन्या मुसलमान मोहल्ल्यात त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. त्यांनी हो म्हटलं की लग्न पक्कं. म्हणजे दाखवायचा कार्यक्रमच, फक्त पोहे नाहीत आणि दाखवायचा मी.

त्यांच्या घरी टेबलाशी बसलो आणि प्रत्येकापुढे रिकामा वाडगा आणि एक जाड, कडक रोटी आली. होणारा जावई म्हणाला, "अंकल, आधी रोटी हातानं तोडायची. मग डॅड ती मटणाच्या रश्श्यात उकळून देतात."

एवढंच ना! भाकरी कुस्करण्यात आपला हात कोण धरणार? मुठीत दाबून बघता बघता चुरा केला. व्याह्यांनी वाडग्यात डोकावून पाहिलं. अर्धं पीठ, अर्धी ढेकळं. त्यांनी तो वाडगा उचलून नेला आणि दुसरा रिकामा वाडगा नि नवी रोटी पुढ्यात ठेवली.

"चिमटीनं तोडायची, अंकल. सगळे तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे."

"जन्मात कधी मेथी निवडली असती, तर आज हात चालला असता," बायको म्हणाली. तिची रोटी केव्हाच तोडून झाली होती. तिचा आणि लेकीचा वाडगा वाफाळत आला. मटणाचा वास थेट मेंदूत जात होता आणि मी, आयुष्यभर कीबोर्ड बडवलेला माणूस, एका रोटीपुढे हात टेकून बसलो होतो. नखं दुखायला लागली. तो फेस आपोआप झाला असणार, कारण लेकीनं टेबलाखालून लाथ मारली.

व्याही मात्र जेवत नव्हते. पाहुण्याच्या आधी घास घेणार नाहीत म्हणे. आपला तोडलेल्या रोटीचा वाडगा धरून ते माझ्या बोटांकडे बघत होते. मग एकदम चिडून बोलायला लागले. जावई अर्थ सांगत गेला. आता त्यांच्या गल्लीत नुसते टूरिस्ट. सळईवरचं मटण हातात धरून फोटो काढतात. रोटी मशीननं कापून मिळते, कुणाला तोडायला वेळच नाही! त्यांनी टेबलावर हात आपटला. मला बरं वाटलं. वैतागलेला मी एकटाच नव्हतो.

"डॅड विचारतायत, लग्नानंतरच्या जेवणाला शिआनला कधी येताय?"

बायकोचा चमचा थांबला. लेक माझ्याकडे बघत होती. आता काहीतरी गोड बोलायला हवं होतं.

"ही रोटी तोडून संपली की लगेच," मी म्हणालो.

"बाबा!"

जावयानं तेही त्यांना सांगून टाकलं. व्याही हसले नाहीत. त्यांनी माझ्या वाडग्यात बोटं घातली, एक मोठा तुकडा शोधून काढला आणि माझ्या तळहातावर परत ठेवला.