शुभ सकाळचा धबधबा

आमच्या गल्लीसमोर डेटा सेंटर उभं राहिलंय. त्याला खिडक्या नाहीत, पण गच्चीवरून दिवसभर वाफ निघत असते. ते आल्यापासून आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली आहे.

शेजारच्या सुमनकाकू सकाळी नळाखाली हंडा लावतात आणि तो भरेपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ‘शुभ सकाळ’ पाठवतात. चित्र ठरलेलं: कोसळणारा धबधबा. परवा मी म्हटलं, “काकू, ही चित्रं असल्याच इमारतींत साठवतात. तिथली यंत्रं तापतात, ती थंड ठेवायला पाणी लागतं.”

काकूंनी वाफेकडे पाहिलं, मग अर्ध्या हंड्याकडे. “म्हणजे पाणी त्यांनी प्यायचं आणि आपण फोटोत बघायचं?”

माणसाला सगळंच जपून ठेवायचं असतं. लग्नाचे फोटो, नातवाचं रडणं, हा धबधबासुद्धा. जपावं की! पण तहान साठवून ठेवता येत नाही. ती रोज नव्याने लागते, म्हणून तिचा मान पहिला. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

काकूंनी फोन कमरेला खोचला, अर्धा हंडा घरातल्या पिंपात ओतला आणि रिकामा घेऊन दारोदार हाका मारत निघाल्या, “चला गं, हंडे घ्या. आजचं शुभ सकाळ त्यांच्या गेटवर जाऊन म्हणू.”