तराजूंचा मंगळवार

विमानतळावर त्यांना सगळे तराजू म्हणत. माणसं किती, सामान किती, इंधन किती याची बेरीज मांडून लोडशीट नावाचा कागद उड्डाणाआधी वैमानिकांना द्यायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षांत आकडा चुकला नाही. शेजारीण म्हणायची, "तुम्ही भाजीवालीच्या काट्याकडेही संशयानंच बघता!"

बायको गेल्यापासून घरात एकच ताट धुतलं जाई. मुलगी वैमानिक, लांबच्या शहरात. फोनवर बापलेक दोघंही मुखदुर्बळ. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." संपलं. पण दर मंगळवारी तिचं विमान इथे पाऊण तास थांबे. तराजू कागद घेऊन कॉकपिटमध्ये जात आणि तिच्या पाठीमागच्या घडीच्या खुर्चीवर टेकत. ती आकडे तपासून सही करीपर्यंत चार मिनिटं मिळत.

"बाबा, शर्टाचं बटण तुटलंय."

"दिसतंय मला. तू आधी नीट झोपत जा."

तेवढ्यावर आठवडा निघे.

मग सुरक्षेचा नियम कडक झाला. त्या उड्डाणावर नेमणूक नसलेल्या कुणालाही कॉकपिटमध्ये मज्जाव. कागद विमानाच्या दारातच द्यायचा.

"तराजू, नियम बापालाही लागू हं," साहेब म्हणाले.

"मी कुठं नाही म्हटलं?"

दोन मंगळवार एअर होस्टेसनं दारातच कागद घेतला आणि सही झालेली प्रत आणून दिली. आतलं दार बंदच.

तिसऱ्या मंगळवारी तराजू पेन हातात धरून बसून राहिले. कागदात चूक दिसली की वैमानिक वॉकी-टॉकीवर आकडे विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं. एका नवाचा सात केला तर? पण विमानात एकशे बारा माणसं बसणार होती. हात धजावला नाही. खरं तेच लिहिलं, दारात दिलं आणि ते शिडी उतरले.

तोच कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला. तिचाच आवाज.

"लोडशीटचे आकडे वाचून दाखवा."

तराजूंनी हातातली प्रत उलगडली. "चुकलंय काही?"

"नाही. खात्री करायचीय. सावकाश वाचा."

त्यांनी वाचायला घेतलं. प्रवासी, सामान, इंधन. प्रत्येक आकडा ती त्यांच्यामागून म्हणत होती, लहानपणी पाढे म्हणायची तशी. सगळा विमानतळ ऐकत असल्यामुळे बाबा म्हणायची सोय नव्हती.

आकडे संपले.

"अजून काही?" तराजूंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, पण बोलायचं बटण तिनं लगेच सोडलं नाही. कॉकपिटमधली घरघर तेवढी ऐकू येत राहिली.