धाकटीशी ठरलेला सौदा

सांगोल्याकडच्या बागांतून डाळिंब घेऊन सोलापुरात विकायचं, हा माझा धंदा. हातगाडीपासून वर आलो तो जिभेच्या जोरावर. भाव पाडण्यात कुणाला हार गेलो नाही, एका डॉक्टरीणबाईंशिवाय.

धाकटी बहीण विधवा झाल्यापासून जुळे सोलापूर भागात माझ्याकडंच होती. नवऱ्याकडून तिला एचआयव्ही आला होता, आणि तपासणीत हेपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा आजारही निघाला. दोन्हींवर मिळून रोज एकच गोळी. ती घेऊन धाकटी चांगली धडधाकट झाली, तेव्हा मी बाईंना म्हणालो, "आता एक दिवसाआड देऊ की."

"इथं घासाघीस नाही," बाई म्हणाल्या. "ही गोळी यकृतातल्या विषाणूलाही दाबून ठेवते. बंद केली तर तो उसळेल."

बाहेर आल्यावर धाकटी हसली. "दादा, आज तुला कुणीतरी सव्वाशेर भेटलं."

पुढं अण्णाच्या, म्हणजे आमच्या थोरल्या भावाच्या, मुलीचं लग्न ठरलं. अण्णानं गावाकडून तिला फोन केला, "ये, पर ती डबी आणू नगं. पाव्हणं इचारत्याल, कसल्या गोळ्या. सोयरीक मोडंल माझी." भाचीसाठी तिनं डबी कपाटात साड्यांखाली ठेवली आणि गेली. लग्न झालं तरी अण्णानं तिला कामाला ठेवून घेतलं. मी फोनवर गोळीचं विचारलं की म्हणायची, "घेते की, दादा."

डोळे पिवळे झाले तेव्हा वहिनीनं थट्टा केली म्हणे, "वन्सं, लग्नाची हळद अजून उतरली न्हाय व्हय?" मग अण्णानं तिला कावीळ उतरवणाऱ्या माणसाकडं नेलं. त्यानं झाडपाल्याचा रस दिला आणि पथ्य सांगितलं: ताक-भात खायचा, दुसरं कुठलंही औषध पोटात जाऊ द्यायचं नाही.

बाग बघायला तिकडं गेलो आणि अण्णाच्या घरी डोकावलो, तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली दिसली. पोट फुगलेलं.

"गोळ्या कुठंयत तुझ्या?"

ती अण्णाकडं बघायला लागली.

"आरं, कावीळ हाय, उतरंल की," अण्णा म्हणाला. "आल्या आल्या आग पाखडू नगंस."

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सगळी वस्ती गोळा झाली. तिला टेम्पोत घातलं आणि सोलापूर गाठलं.

दवाखान्यात गोळी पुन्हा सुरू झाली. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यकृत फार खराब झालंय." या वेळी मी घासाघीस केली नाही.

धाकटी म्हणाली, "अण्णाला घालूनपाडून बोलू नको. पोरीचं घर बसावं, एवढंच त्याला वाटलं."

"तू गोळी चुकवू नको, मी त्याला बोलणार नाही. सौदा?"

"सौदा." तिनं हात पुढं केला. हातसुद्धा पिवळा.

त्यानंतर रोज गोळी गिळून ती मला तोंड उघडून दाखवायची. शेवटी पाणीही उतरेना, तरी तिनं गोळी मागून घेतली.

ती गेल्यावर अण्णा आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात धरून. त्याच्यासाठी साठवलेले शब्द माझ्या तोंडाशी आले होते. अजूनही येतात. पण तिनं तिची बाजू पाळली होती.

मी काही न बोलता दारातून बाजूला झालो.